अपडेट झाले, नेट गेले : कडी नेमकी कुठे तुटली?

मायक्रोसॉफ्ट विंडोजची सुरक्षा अपडेट्स दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी बाहेर काढते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात आणि आपल्याकडे रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा. त्यामुळे वारणानगरमधल्या एखाद्या पतसंस्थेचा, दूध संकलन केंद्राचा किंवा महाविद्यालयाच्या लॅबमधला संगणक त्या अपडेटला पहिल्यांदा सामोरा जातो तो बुधवारी. बहुतेक महिन्यांत कुणाला काही कळतही नाही. एखाद्या बुधवारी मात्र संगणक नीट सुरू होतो, सगळी चिन्हे जागच्या जागी दिसतात आणि नेटवर्क तेवढे नाहीसे झालेले असते. काउंटरवर रांग लागलेली असते. कुणी राउटर बंद-चालू करतो, कुणी नेट कंपनीला फोन लावतो, कुणी विंडोज नव्याने टाकायला निघतो. यातला कुठलाही उपाय बरोबर ठरू शकतो. पण बिघाड कुठे आहे हे पाहण्याआधी केलेला उपाय बहुधा वेळ खातो आणि पुष्कळदा चांगले चाललेलेही मोडून ठेवतो.

उपसा सिंचनाचे पाणी शेवटच्या सरीपर्यंत आले नाही म्हणून कुणी आधी पाइपलाइन उकरत नाही. आधी मोटर चालू आहे का ते बघतात, मग चावी, मग आपल्या वाटणीचा फाटा. संगणकाचे नेटवर्कही असेच कड्यांनी बनलेले आहे आणि त्याची तपासणीही जवळून दूर, याच क्रमाने करायची असते. हा क्रम ज्याला ठाऊक आहे, त्याला संगणकशास्त्राची पदवी नसली तरी बहुतेक बिघाड स्वतः शोधता येतात.

वारणेचा जुना अनुभव

हा विषय वारणानगरला नवा नाही. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या साखर कारखान्याभोवती दूध संघ, वारणा बाजार, शिक्षणसंस्था असे सहकाराचे मोठे जाळे इथे वाढले. त्या जाळ्यामुळेच १९९८ साली पंतप्रधान कार्यालयाच्या माहिती तंत्रज्ञान कृतिदलाच्या पुढाकारातून निघालेल्या ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्पासाठी वारणा खोऱ्याची निवड झाली. कोल्हापूर आणि सांगली या दोन जिल्ह्यांतली सुमारे ७० गावे त्यात होती. खर्चाचा निम्मा वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा आणि १० टक्के वारणा समूहाचा होता. तांत्रिक बाजू राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने सांभाळली.

देशातल्या बहुतेक गावांनी तोवर संगणक पाहिलाही नव्हता. त्या काळात इथल्या गावांमध्ये संगणक केंद्रे उघडली. उसाची नोंद, तोडणीची पाळी, काट्यावरचे वजन, खताची उचल, बिलाची रक्कम ही माहिती शेतकऱ्याला गावातच मिळावी, तिच्यासाठी कारखान्यावर हेलपाटा पडू नये, हा हेतू होता. पण संगणक चालायला वीज लागते, जोडणीला टेलिफोनची लाइन लागते आणि यंत्र बिघडले तर ते दुरुस्त करणारा माणूस लागतो. खेड्यात या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जाग्यावर असणे अवघड होते. संगणक एकदा विकत घेतला म्हणजे झाले असे नसते, तो वर्षानुवर्षे चालता ठेवावा लागतो, हे वारणेच्या गावांना फार लवकर कळले.

त्यानंतर मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी इथे एक वेगळा प्रयोग केला. राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंतारो तोयामा यांनी ‘वारणा अनवायर्ड’ या नावाने त्याचा अभ्यास २००७ साली मांडला. सात गावांत आठ महिने त्यांनी संगणकाऐवजी साधा मोबाईल आणि एसएमएस वापरला. गावकेंद्रावरच्या संगणकातून होणारी सगळी कामे एसएमएसनेही झाली. खर्च कमी आला, सोय वाढली आणि शेतकऱ्यांना तीच पद्धत अधिक पसंत पडली. शेतकऱ्याला हवी असलेली माहिती मुळात छोटी होती : नाव, वजन, तारीख, रक्कम. तिला मोठ्या यंत्राची गरज नव्हती, खात्रीच्या वाटेची होती. बिघाड शोधणाऱ्यानेही हे लक्षात ठेवावे. आज कोणते काम अडले आहे आणि ते काम दुसऱ्या वाटेने होईल का, हा प्रश्न यंत्र उघडण्याआधी विचारायचा असतो.

अपडेट नेटवर्कला का धक्का लावते?

नेटवर्क कार्ड म्हणजे लॅन किंवा वायफायचे हार्डवेअर. ते स्वतःहून विंडोजशी बोलू शकत नाही. दोघांमध्ये ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्रॅम असतो आणि तो ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात चालतो. अपडेटने हा गाभा बदलला की जुना ड्रायव्हर काही वेळा नव्या गाभ्याशी जुळत नाही. कधी अपडेट स्वतःच कंपनीचा ड्रायव्हर काढून तिथे सर्वसाधारण ड्रायव्हर बसवते. कधी ड्रायव्हर ठीक असतो, पण राउटरकडे नेटवर्कवरचा पत्ता मागणारी सेवा कोलमडते. कधी कार्डाची ‘ओळख’ बदलते आणि त्याबरोबर हाताने भरलेल्या सगळ्या सेटिंग्ज पुसल्या जातात.

हे सगळे प्रत्यक्षात घडून गेले आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये ॲपलने एक छोटे सुरक्षा अपडेट पाठवले. त्यात धोकादायक घटकांच्या यादीत चुकून मॅकच्या स्वतःच्याच इथरनेट ड्रायव्हरचे नाव गेले आणि अनेक आयमॅक व मॅकबुक प्रोचे केबलने येणारे नेट बंद पडले. दुरुस्ती लगेच निघाली, पण ती डाउनलोड करायलाही नेट लागत होते. ज्यांच्याकडे वायफाय होते ते सुटले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विंडोज १०च्या एका सेवेतल्या दोषामुळे युरोपात अनेकांच्या संगणकांना आयपी पत्ताच मिळेना. मार्च २०१८ मध्ये विंडोज ७ आणि सर्व्हर २००८ आर२च्या अपडेटनंतर काही आभासी यंत्रांमध्ये जुन्या नेटवर्क कार्डाच्या जागी नवेच कार्ड दिसू लागले आणि ठरवून दिलेले स्थिर पत्ते नाहीसे झाले. डिसेंबर २०२३ मध्ये विंडोज ११ वापरणाऱ्या विद्यापीठांचे वायफाय अडले. लॉगिन लागणाऱ्या संस्थांच्या वायफायवर हा त्रास होता, घरच्या वायफायवर तो होण्याची शक्यता कमी होती.

या चार घटनांमध्ये चार वेगवेगळ्या कड्या तुटल्या : ड्रायव्हर, पत्ता, सेटिंग आणि ओळख पटवणे. म्हणून एका संगणकावर चाललेला उपाय शेजारच्या संगणकावर चालेलच असे नाही.

पहिली पाच मिनिटे

सर्वांत आधी त्याच राउटरवर असलेला दुसरा संगणक किंवा मोबाईल बघावा. मोबाईलचा डेटा बंद करून फक्त वायफायवर एखादे पान उघडावे. दुसऱ्या यंत्रावरही नेट नसेल, तर दोष बहुधा राउटरकडे किंवा बाहेरच्या लाइनकडे आहे, अपडेटकडे नाही. दुसरीकडे नेट चालत असेल, तर राउटरला हात लावू नये. तपास आता एकाच संगणकापुरता उरला.

दुसरे काम म्हणजे संगणक ‘रीस्टार्ट’ करणे. ‘शट डाउन’ करून पुन्हा चालू करणे हे त्यासारखे वाटते, पण विंडोज १० आणि ११ मध्ये या दोहोंत फरक आहे. फास्ट स्टार्टअप ही सोय चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवते आणि पुढच्या वेळी तीच परत आणते. गाभ्यात अडकलेला दोषही त्याबरोबर परत येतो. रीस्टार्ट केल्यावर मात्र सगळे पहिल्यापासून सुरू होते. डिसेंबर २०१६च्या घोटाळ्यात खुद्द मायक्रोसॉफ्टने हाच सल्ला दिला होता : शट डाउन नको, रीस्टार्ट करा.

तिसरे म्हणजे विमान मोड चालू झाला आहे का, लॅपटॉपच्या कळीने वायफाय बंद झाले आहे का आणि केबलच्या टोकाशी दिवा लागतो का, हे पाहावे. इतक्या साध्या कारणाने अर्धा दिवस गेल्याची उदाहरणे प्रत्येक कार्यालयात सापडतात.

कार्ड दिसते का?

स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडावा आणि ‘नेटवर्क ॲडाप्टर्स’ ही ओळ पसरवावी. आपले लॅन किंवा वायफाय कार्ड तिथे दिसत नसेल, किंवा त्यावर पिवळा त्रिकोण असेल, तर दोष बहुधा ड्रायव्हरमध्ये आहे. कार्डावर डबल क्लिक केल्यावर ‘ड्रायव्हर’ या पानावर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण मिळते. ते दाबता येत असेल तर आधीचा ड्रायव्हर परत येतो आणि अनेकदा काम तिथेच संपते. बटण फिके असेल तर ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करून संगणक रीस्टार्ट करावा. विंडोज कार्ड पुन्हा शोधते आणि ड्रायव्हर नव्याने बसवते. अनइन्स्टॉल करताना ड्रायव्हर पुसून टाकण्याच्या चौकटीत खूण करू नये. कंपनीचा ड्रायव्हर हाताशी नसेल तर ती खूण अडचणीची ठरते.

नवा ड्रायव्हर हवा आणि नेट नाही, हा पेच अनेकांना हतबल करतो. त्यावर खिशातच उपाय असतो. अँड्रॉइड मोबाईल चार्जिंगच्या केबलने संगणकाला जोडावा आणि मोबाईलच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावे. संगणकाला तो मोबाईल हे एक वेगळेच नेटवर्क कार्ड वाटते आणि त्याला लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो. वायफाय कार्ड पूर्ण बंद असले तरी या वाटेने नेट येते. मग संगणक बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्यावा. ‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर’ असे सांगणारे अनोळखी प्रोग्रॅम टाळावेत.

अभियांत्रिकीच्या लॅबमध्ये लिनक्स वापरणाऱ्यांनाही हा अनुभव येतो. काही वायफाय कार्डांचे ड्रायव्हर एका ठरावीक कर्नलसाठी, म्हणजे गाभ्यासाठी, तयार केलेले असतात आणि कर्नल बदलला की ते चढत नाहीत. तिथे पहिला उपाय सोपा आहे. संगणक सुरू होताना येणाऱ्या यादीतून आधीचा कर्नल निवडावा. त्यावर नेट चालले तर दोष ड्रायव्हरचाच आहे हे सिद्ध होते आणि तो दुरुस्त करायला नेटही मिळते.

पत्ता मिळाला का?

कार्ड ठीक आहे, वायफाय जोडलेले दिसते, तरी ‘नो इंटरनेट’ असे लिहून येते. आता पुढची कडी पाहायची. कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग ही आज्ञा द्यावी. आयपीव्ही४ पत्त्याच्या ओळीत १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारा पत्ता असेल, तर बहुधा राउटरने तो दिला आहे. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून काहीच उत्तर आलेले नाही आणि विंडोजने स्वतःच एक तात्पुरता पत्ता धारण केला आहे. त्या पत्त्यावर बाहेरचे जग दिसत नाही. अशा वेळी आयपीकॉन्फिग रिलीज आणि मग आयपीकॉन्फिग रिन्यू या आज्ञा देऊन नवा पत्ता मागावा.

पतसंस्था आणि कार्यालयांमध्ये अनेक संगणकांचे पत्ते हाताने ठरवून दिलेले असतात. सर्व्हर, प्रिंटर, वजनकाट्याला जोडलेला संगणक यांचे पत्ते बदलून चालत नाही. अपडेटनंतर कार्डाची ओळख बदलली तर ही नोंद पुसली जाते आणि संगणक राउटर देईल तो पत्ता घेतो. नेट चालते, पण सर्व्हर सापडत नाही. आधीचा पत्ता कागदावर लिहिलेला असेल तर हे काम दोन मिनिटांचे आहे. लिहिलेला नसेल तर सेटिंग करून गेलेल्या माणसाचा शोध घ्यावा लागतो.

नाव सापडते का?

पत्ता ठीक असेल तर समोरून उत्तर येते का ते पाहणारी पिंग ही आज्ञा तीन टप्प्यांत द्यावी. आधी राउटरचा पत्ता, तो आयपीकॉन्फिगमध्ये ‘डिफॉल्ट गेटवे’समोर असतो. मग ८.८.८.८ हा बाहेरचा पत्ता. शेवटी एखाद्या संकेतस्थळाचे नाव. पहिल्या दोन्हींकडून उत्तर आले आणि तिसऱ्याच्या वेळी नावच सापडले नाही, तर डीएनएस ही कडी तुटली आहे. नावावरून अंकी पत्ता शोधून देणारी ही सेवा. आयपीकॉन्फिग फ्लशडीएनएस या आज्ञेने जुन्या नोंदी पुसाव्यात आणि तरीही नाव सापडत नसेल तर कार्डाच्या सेटिंगमध्ये डीएनएससाठी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरून पाहावे. कार्यालयाचा स्वतःचा सर्व्हर असेल तर मात्र त्याच्या देखभालकर्त्याला विचारल्याशिवाय हा बदल करू नये, कारण बाहेरच्या डीएनएसला आतल्या संगणकांची नावे माहीत नसतात.

पिंग सगळीकडे पोहोचतो, पण ब्राउझरमध्ये काही उघडत नाही, असेही होते. तेव्हा प्रॉक्सीची सेटिंग, व्हीपीएन आणि बाहेरून घेतलेला अँटिव्हायरस यांच्याकडे वळावे. हे प्रोग्रॅम नेटवर्कच्या वाटेवर आपली चाळणी बसवतात आणि नव्या विंडोजचे आणि जुन्या चाळणीचे काही वेळा जमत नाही. अँटिव्हायरस थोडा वेळ बंद करून किंवा काढून पाहावा आणि खात्री झाली की त्याची नवी आवृत्ती लगेच बसवावी.

नेट आहे, पण प्रिंटर नाही

गावोगावच्या कार्यालयांत हा बिघाड सर्वाधिक गोंधळात टाकतो. इंटरनेट उत्तम चालते, पण शेजारच्या संगणकावरचे फोल्डर किंवा काउंटरचा प्रिंटर उघडत नाही. अपडेटनंतर विंडोज काही वेळा ओळखीचे नेटवर्क नवे समजते आणि त्याला ‘पब्लिक’ ठरवते. बसस्थानकावरच्या वायफायवर जी काळजी घ्यायची तीच मग कार्यालयातही घेतली जाते आणि शेअरिंग बंद होते. सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क ‘प्रायव्हेट’ केले की बहुतेक वेळा काम होते.

दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे. फाइल शेअर करण्याची एसएमबी १ ही जुनी पद्धत आता विंडोजमध्ये आपोआप चालू नसते. २०१७ च्या अखेरीपासून नव्याने बसवलेल्या विंडोज १० मध्ये तिचा सर्व्हरचा भाग मुळातून येत नाही. विंडोज ११च्या २४एच२ या आवृत्तीने नियम आणखी कडक केले : बहुतेक कार्यालयीन आवृत्त्यांमध्ये आता फाइलची देवाणघेवाण सही केलेली असावी लागते आणि पासवर्डशिवाय पाहुणा म्हणून आत जाता येत नाही. त्यामुळे जुने साठवण यंत्र किंवा जुना स्कॅनर अचानक अबोल होतो. हा बिघाड म्हणजे मुद्दाम घातलेले कुलूप आहे. मे २०१७ मध्ये जगभरातल्या रुग्णालयांपासून कारखान्यांपर्यंत लाखो संगणकांवर खंडणीसाठी हल्ला करणारा वॉनाक्राय एसएमबी १ या जुन्या पद्धतीतल्या छिद्रातूनच शिरला होता. त्याचा बंदोबस्त करणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. ज्यांनी ते टाकले ते वाचले. म्हणून इथे कुलूप तोडण्यापेक्षा जुने यंत्र बदलणे किंवा त्याला पासवर्ड देणे योग्य.

शेवटचे उपाय शेवटीच

वरच्या कड्या तपासूनही दोष सापडला नाही, तर ‘नेटवर्क रीसेट’ करता येते. ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्जमध्ये ते मिळते. ते सगळी कार्डे काढून पुन्हा बसवते, पण त्याबरोबर वायफायचे पासवर्ड, व्हीपीएन आणि स्थिर पत्तेही जातात. आधी त्यांची नोंद करावी, मगच बटण दाबावे.

त्यानंतरचा उपाय म्हणजे अपडेट मागे घेणे. विंडोज अपडेटच्या इतिहासात ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ असते. विंडोज १० वरून ११ वर गेलेला संगणक पहिल्या दहा दिवसांत मागे नेता येतो, पण विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने तिथे फार काळ थांबू नये. अपडेट काढल्यावर पुढची काही दिवस थांबवावीत, नाहीतर तेच पुन्हा येते. विंडोज ११ मध्ये पाच आठवड्यांपर्यंत अपडेट थांबवता येते आणि तेवढ्या काळात बहुधा दुरुस्ती निघते. डिसेंबर २०२३च्या वायफाय घोटाळ्यात मायक्रोसॉफ्टने दोषी बदल दुरूनच मागे घेतला होता.

या सगळ्यात एक शिस्त पाळावी. एका वेळी एकच बदल करायचा, लगेच तपासायचे आणि उपयोग झाला नाही तर तो बदल परत घ्यायचा. एकदम पाच गोष्टी बदलल्या आणि नेट आले, तर कशाने आले ते कळत नाही, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तीच धावपळ होते.

हंगामाआधीची तयारी

गळीत हंगाम सुरू होण्याआधी कारखाना आपली यंत्रे उघडून तपासतो, कारण एकदा गाळप सुरू झाल्यावर थांबणे परवडत नाही. ज्या संगणकांवर शेतकऱ्याची पावती आणि दुधाचे बिल अवलंबून आहे, त्यांनाही तशीच आगाऊ देखभाल मिळायला हवी. तिला खर्च जवळजवळ नाही. आयपीकॉन्फिग स्लॅश ऑलचा निकाल छापून प्रत्येक संगणकाच्या फाइलमध्ये ठेवावा. लॅन आणि वायफायचे ड्रायव्हर एका पेनड्राइव्हवर उतरवून ठेवावेत. कार्यालयात पाच संगणक असतील तर अपडेट आधी एकावर घ्यावे, दोन दिवस पाहावे आणि मग बाकीच्यांवर. अँटिव्हायरस आणि हिशेबाचा प्रोग्रॅम अपडेटनंतर चालतो का, ते त्या एका संगणकावरच कळते. आणि नेट गेल्यास दिवसभराचे काम कोणत्या वाटेने चालेल, मोबाईलच्या टेदरिंगने, दुसऱ्या संगणकावरून की छापील पावतीपुस्तकाने, हे आधीच ठरलेले असावे.

अपडेटची भीती बाळगून ते कायमचे बंद ठेवणारी कार्यालये स्वतःला सुरक्षित समजतात, पण वॉनाक्रायने त्यांचाच बळी घेतला होता. अपडेट घेणे आणि त्यासाठी तयार असणे, ही दोन्ही कामे एकाच जबाबदारीची आहेत. वारणेने पंचवीस वर्षांहून अधिक काळापूर्वी गावात संगणक आणला आणि पुढे गरज ओळखून साध्या मोबाईललाही जागा दिली, तेव्हा दोन्ही वेळा प्रश्न एकच होता : शेतकऱ्याची माहिती त्याच्यापर्यंत वेळेवर पोहोचते का? आजच्या प्रत्येक काउंटरवर बसलेल्या माणसाला कड्यांचा हा क्रम शिकवला, तर त्या प्रश्नाचे उत्तर नेट गेलेल्या बुधवारीही ‘हो’ असे देता येईल.